समुद्रकाठचा झगा : क्रोशाच्या भोकांचा हिशेब

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलेल्या माणसाने क्रोशावर काय बोलावं? पण आपण आज क्रोशावरच बोलणार आहोत, आणि तेही एकाच वस्तूबद्दल : समुद्रावर पोहण्याच्या कपड्यांवरून घालायचा हलका, जाळीदार, उन्हाळी झगा. दुकानात त्याला ‘बीच कव्हरअप’ म्हणतात. पाण्यातून बाहेर आलं की अंगावर चढवायचा आणि चहा प्यायला टपरीवर जायचं, एवढंच त्याचं काम. गोव्यात किनाऱ्यालगतच्या दुकानांबाहेर असे झगे टांगलेले आपण पाहिले असतील. तो घरी कसा करायचा हे आधी सांगू आणि सांगता सांगता एक हिशेब मांडू.

आधी दोरा. लोकर नको, हे सांगायला नको. ॲक्रिलिक स्वस्त असतं, पण घाम शोषत नाही. कोकणातल्या मे महिन्यात ते अंगावर नकोसं होतं. सुती दोरा घ्यावा, बारीक. कापसाचा एक गुण असा की ओला झाल्यावर त्याचा धागा कमकुवत होत नाही, उलट अधिक मजबूत होतो. दोष असा की तो पाणी भरपूर धरतो, जड होतो आणि मग स्वतःच्या वजनाने लांबतो. घट्ट विणलेला सुती झगा भिजला की गोणपाटासारखा लोंबतो. तेव्हा हलकेपणा आणायचा कुठून? दोरा आणखी बारीक करत गेलो तर वर्षभर विणत बसावं लागेल. हलकेपणा येतो तो भोकांतून.

इथे आम्हाला थोडं आमच्या घरात शिरू द्या. वैशेषिकांच्या जुन्या यादीत पदार्थ सहा. पुढे त्यात सातवा आला, अभाव. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. मग ते ‘नसणं’ हेही ज्ञानाचा विषय झालंच की! पण नैयायिक लगेच विचारतो, अभाव कशाचा? प्रत्येक अभावाला त्याचा प्रतियोगी लागतो. घड्याचा अभाव, दोऱ्याचा अभाव. नुसता अभाव असं काही नसतं. आता उंदराने साडी कुरतडली तर तिथेही भोकच पडतं, पण तो प्रध्वंसाभाव : दोरा होता, नष्ट झाला. क्रोशाच्या जाळीत त्या जागी दोरा कधी नव्हताच. वर्गात हे उदाहरण दिलं की मुलं हसायची आणि परीक्षेत मात्र बरोबर लिहायची. असो. मुद्दा असा की क्रोशाचं भोक चारही बाजूंच्या टाक्यांनी बांधून काढावं लागतं. ते फुकट मिळत नाही.

ते कसं बांधतात? साखळी, खांब, मुका खांब हे शब्द आपल्या आई-मावश्यांच्या तोंडचे. सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका म्हणजे खांब. वेढा न घेता घातलेला बुटका टाका म्हणजे मुका खांब. आपली जाळी अगदी साधी : एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा एक खांब. दोन खांबांच्या मध्ये वर साखळीचं छप्पर, की एक घर तयार. सुई ४ मिलिमीटरची घ्यावी, म्हणजे त्या दोऱ्याला रोज वापरतो त्याहून थोडी मोठी. टाका सैल पडला पाहिजे.

आता नमुना. हा टाळायचा मोह सर्वांना होतो, आणि इथेच झगा बिघडतो. १० सेंटिमीटरपेक्षा थोडा मोठा तुकडा विणा. तो भिजवा, खालच्या कडेला कपड्यांचे दोन-तीन चिमटे लावा आणि रात्रभर दोरीला टांगून ठेवा. ते चिमटे म्हणजे उरलेल्या झग्याचं वजन समजा. सकाळी मोजा. विणताना १० सेंटिमीटर भरणारी उंची ११ झाली असेल, तर ८० सेंटिमीटरचा झगा ८८ होणार, आणि तेवढ्या ओळी आपण आधीच कमी घालायच्या. तुकड्याचं वजनही करा, सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला छोटा काटा चालेल.

समजा, ताणून झाल्यावर १० सेंटिमीटरांत आडवी ७ घरं आणि उभ्या ७ ओळी बसल्या, आणि तेवढ्या चौरसाचं वजन २ ग्रॅम भरलं. छातीचा घेर १०० सेंटिमीटर असेल तर झगा १२० ठेवू, अंगाला चिकटायला नको. म्हणजे पुढचा आणि मागचा असे प्रत्येकी ६० सेंटिमीटर रुंदीचे दोन आयत. ६० सेंटिमीटरांत घरं ४२. एका घराला तीन साखळ्या, म्हणून १२६. वळणाच्या आणखी ५, एकूण १३१ साखळ्या घाला. पायाची साखळी एक नंबर मोठ्या सुईने घालावी, नाहीतर खालची कड आखडते. सुईकडून मोजत आठव्या साखळीत पहिला खांब, मग दोन साखळ्या, पायातल्या दोन सोडून पुढचीत खांब, असं शेवटपर्यंत. दुसऱ्या ओळीपासून वळताना ५ साखळ्या : तीन खांबाच्या, दोन छपराच्या. खांबावर खांब येत जाईल. फक्त ओळीच्या शेवटी डोळ्यात तेल घालून बघा. मागच्या ओळीच्या सुरुवातीला साखळ्यांचा जो खांब केला होता, त्याच्या माथ्यावर शेवटचा खांब आला पाहिजे. तो राहिला की दर ओळीला एक घर गळतं आणि आयताचं शेपूट होतं. ओळ संपली की घरं मोजायची. ४२ आली तरच पुढे.

लांबी ८० सेंटिमीटर, म्हणजे ५६ ओळी. दोन्ही आयतांचं क्षेत्रफळ ९,६०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या नमुन्याच्या ९६ पट. दोरा १९२ ग्रॅम. कडा, शिवण आणि चुका धरून ५० ग्रॅमच्या ५ गुंड्या घ्या, आणि सगळ्यांच्या लेबलावरचा लॉट नंबर एकच आहे ना, ते दुकानातच पाहा. मागाहून आणलेली गुंडी उन्हात वेगळा रंग दाखवते.

जोडणी सोपी. वरच्या कडेला मधले २८ सेंटिमीटर गळ्यासाठी सोडा, दोन्हीकडचे १६-१६ खांद्याला जोडा. ही जोडणी मुक्या खांबांनी, जरा आवळून करावी, कारण सगळा भार तिच्यावर लोंबणार. बाजूला वरचे २२ सेंटिमीटर हातासाठी, मग ३३ शिवण, खालचे २५ मोकळे, म्हणजे वाळूत बसता-उठता ओढ बसत नाही. गळ्याला आणि हाताच्या कडांना मुक्या खांबांची एक ओळ फिरवा.

खाली झालर हवी असेल तर शेवटच्या ओळीवर प्रत्येक टाक्यात दोन खांब घाला. कड आपोआप लाटांसारखी दुमडते, कारण तेवढ्या जागेत सपाट मावेल त्याहून जास्त कापड आपण तिथे कोंबलेलं असतं. १९९७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिन्या या गणितज्ञ बाईंनी याच युक्तीने अतिपरवलयी प्रतल क्रोशावर विणून विद्यार्थ्यांच्या हातात दिलं. कागदाची प्रारूपं फार नाजूक, हाताळता येत नाहीत. क्रोशाचं हाताळता येतं, दुमडता येतं.

एक व्यावहारिक सूचना राहिली. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठ्या या जाळीत हमखास अडकतात, काढून ठेवा. आणि जाळीतून वारा येतो तसं ऊनही येतं. हा झगा उन्हापासून वाचवत नाही. अंगाला लावायचं ते मलम लावावंच लागेल.

आता हिशेब. ४२ घरं, ५६ ओळी, दोन आयत : ४,७०४ घरं. सरावाच्या हाताला एका घराला १० सेकंद धरली, तर ४७,०४० सेकंद, म्हणजे तेरा तास. जोडणी, कडा आणि झालर वेगळी. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी जाळी होते, पण खऱ्या क्रोशाचं वस्त्र आजही हातानेच विणावं लागतं. तेव्हा दुकानात असा झगा दिसला की चिठ्ठीवरची किंमत तेराने भागायची. आलेल्या आकड्यातून दोरा, वाहतूक, दुकानाचं भाडं आणि मधल्या दोघा-तिघांचा नफा यांचाही तेरावा हिस्सा वजा करायचा. उरलं ते एका तासाचं, कुणाच्या तरी.

ते कुणाचं, हे शोधणाऱ्याही होत्या. आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूरला एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी बायकांना ही लेस शिकवली. साधारण त्याच काळात आयर्लंडमध्ये बटाट्याच्या दुष्काळात कितीतरी घरं क्रोशाच्या लेसवर तगली. नरसापूरची लेस परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९८२ साली आलं. त्यांना आढळलं ते असं : बायका रोज कितीतरी तास विणत होत्या, पण त्यांना कामगार कोणी म्हणत नव्हतं. त्या ‘घरी बसणाऱ्या’ गृहिणी, आणि हे त्यांचं फावल्या वेळातलं काम! मजुरी त्या मानानेच ठरायची. नफा निर्यात करणाऱ्यांकडे जायचा. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं, ही चांगली गोष्ट आहे. मानांकन गावाच्या नावाला मिळतं. तासांचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

नैयायिकाचा प्रश्न इथेही विचारता येतो, अभाव कशाचा? त्या हिशेबवहीत श्रमाचा अभाव नव्हता, नोंदीचा होता. आपल्याकडेही आजीने विणलेले टेबलावरचे रुमाल आणि दारावरची तोरणं आपण ‘हौस’ या सदरात घातली. हौस होतीच. पण तास कोणी मोजले?

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, “सर, मग विकत घेऊच नये का?” घ्यावा की, जरूर घ्यावा. न घेतल्याने त्या विणणारीला काय मिळणार? फक्त घेताना झगा उलटा करून कडा पाहा. यंत्राची जाळी बहुधा थानातून कापलेली असते, तिच्या कडा दुमडून शिवलेल्या दिसतात. हाताच्या क्रोशाची कड विणतानाच पुरी होते. तो हाताचा असेल तर घासाघीस करू नका. घरी आणल्यावर समुद्राचं मीठ साध्या पाण्याने काढून टाका, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. दोरीवर टांगलात तर संध्याकाळपर्यंत तो गुडघ्याखाली गेलेला असेल.