तुमच्या पोर्टफोलिओत पीएफ धरलाय का?

सांगलीहून पुण्यात नोकरीला आलेल्या एका श्रोत्याने विचारलंय, "दादा, वय २४. दर महिन्याला ५,००० ची एसआयपी आहे, निफ्टी इंडेक्स फंडात. सगळं शेअर बाजारातच चाललंय, म्हणून बॅलन्सला ३,००० ची आरडी सुरू करू का?"

मी त्याला उलट विचारलं, तुझं बेसिक किती? म्हणाला २५,०००. मग सगळं बाजारात कुठे आहे रे?

हिशोब बघा. बेसिक आणि डीएच्या १२ टक्के, म्हणजे ३,००० त्याच्या पगारातून पीएफला जातात. कंपनीही ३,००० घालते, पण तो पेन्शन योजनेचा सदस्य असेल तर त्यातले १,२५० तिकडे वळतात आणि १,७५० पीएफ खात्यात येतात. झाले ४,७५०. तिकडे एसआयपी ५,०००. म्हणजे काहीही न ठरवता पठ्ठ्याची गुंतवणूक निम्मी-निम्मी झालीये! (काही कंपन्या १५,००० च्या मर्यादेवरच पीएफ कापतात, तिथे तुमचे १,८०० च जातात. त्यामुळे सॅलरी स्लिप उघडा, अंदाज नको.)

बरं, हा निम्मा भाग काही फडतूस नाही. २०२४-२५ ला पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं. तुमचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर त्या व्याजावर टॅक्सही नाही. आरडीच्या व्याजावर तो लागतो. मग बॅलन्ससाठी आरडी कशाला?

पण आरडी वेगळ्या कारणासाठी हवी. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२,३६२ वर बंद झाला होता, २३ मार्चला ७,६१० वर. सव्वादोन महिन्यांत ३८ टक्के साफ. नोव्हेंबरपर्यंत तो परत वर आला, म्हणून आपल्याला वाटतं, त्यात काय, थांबायचं! २००८ ला जानेवारीत २१,००० ला पोचलेल्या सेन्सेक्सला परत तिथे यायला नोव्हेंबर २०१० उजाडला. जवळपास तीन वर्षं. या मुलाच्या वडिलांचं गुडघ्याचं ऑपरेशन कधीही निघू शकतं, असं त्यानेच लिहिलंय. ते नेमकं अशा वर्षात निघालं तर? पडलेल्या भावात युनिट्स विकायची, नाहीतर पीएफच्या क्लेमची वाट बघत बसायचं. हॉस्पिटलचं काउंटर दोन्हीसाठी थांबत नाही.

म्हणून पोर्टफोलिओच्या आधी सहा महिन्यांचा खर्च हाताशी लागतो. त्याचा महिन्याचा खर्च २५,०००, म्हणजे दीड लाख. ३,००० च्या आरडीने त्याला ५० महिने लागतील, फारच लांब. मी सुचवलं की एसआयपी २,००० वर आण, ते ३,००० पण इकडे वळव. २५ महिन्यांत काम होतं, बोनस आला तर आणखी आधी. चोवीसाव्या वर्षी एसआयपी कमी करायची म्हटलं की रील बघणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, माहितीये मला! पण वीस-पंचवीस वर्षांच्या प्रवासात हे दोन वर्षांचं मंदावणं परवडतं. तळात सगळं विकून बाहेर पडणं नाही परवडत.

दीड लाख जमले की सगळे ६,००० परत इंडेक्स फंडात. पीएफ आपोआप भरतोच आहे, त्यामुळे या वयात नवा पैसा बाजारात गेला तर मला चालेल. पगार वाढला की बेसिक वाढतं, पीएफ स्वतःहून वाढतो, एसआयपी मात्र आहे तिथेच राहते. ती दर एप्रिलला हाताने वाढवावी लागते.

आणि नोकरी बदललीत की पीएफ काढून बाईक घेऊ नका. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलात तर टॅक्स लागतो. त्याच यूएएनखाली जुनं खातं नव्यात ट्रान्सफर केलंत की आधीची वर्षं धरली जातात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकलीये का, तेवढं आजच तपासा. बहुतेकांचं गाडं तिथेच अडतं.