छत गळत नाही, मग माळा ओला कसा?

बालमित्रांनो, आज घरातल्या मोठ्या माणसांना एक कोडं घाला. जानेवारी महिना आहे. पाऊस जाऊन तीन महिने झाले. काल रात्री आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. तरी पहाटे माळ्यावर पत्र्यातून टप टप पाणी पडतंय. हे पाणी आलं कुठून?

बहुतेक जण म्हणतील, "पत्र्याला भोक पडलंय, दुसरं काय!" मग माणूस बोलावला जातो, तो वर चढून सगळ्या फटींना डांबर फासतो, पैसे घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा टप टप! कोकणात जुन्या घरांवरची कौलं उतरवून जिथे पत्रे चढले, तिथे ही तक्रार हमखास ऐकू येते. तोवर इकडे माळ्यावरच्या गोधड्यांना कुबट वास लागतो, बियाणाला बुरशी येते. ताईची गेल्या वर्षीची पुस्तकं, जी यंदा तुम्हाला वापरायची असतात, ती फुगून बसतात. आजोबांच्या वह्यांची शाई पसरते, आणि ती काही पुन्हा लिहून घेता येत नाही.

कोड्याचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. माठ बाहेरून ओला असतो. थंड पाण्याचा स्टीलचा पेलाही बाहेरून ओला होतो. पण दोन्हींचं कारण एकच आहे का? करून बघा. पेल्यात कोकमाचं लालभडक सरबत करा, त्यात बर्फाचे दोन-तीन खडे टाका आणि दहा मिनिटं थांबा. पेल्याच्या बाहेर थेंब जमतील. ते पांढऱ्या रुमालाने पुसा. रुमाल लाल झाला का? नाही ना! म्हणजे हे पाणी पेल्यातून झिरपलेलं नाही, ते हवेतून आलंय. माठाचं पाणी मात्र आतून, त्याच्या बारीक छिद्रांतून येतं. गळणारं छप्पर म्हणजे माठ, आणि पहाटे टपटपणारा पत्रा म्हणजे पेला. डांबर फासून पेला कोरडा होईल का? तुम्हीच सांगा.

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी गरम, तितकी जास्त वाफ तिच्यात राहू शकते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच खोक्यातली हवा घ्या. ती ३० अंश सेल्सिअसला असेल, तर तिच्यात जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांना १७ ग्रॅम आणि १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. हवा गार होत गेली की एक वेळ अशी येते, की वाफेला जागा पुरत नाही. मग जास्तीची वाफ गार वस्तूवर पाणी होऊन बसते. ज्या तापमानाला हे सुरू होतं, त्याला दवबिंदू म्हणतात.

आता पत्रा इतका गार होतो कसा? निरभ्र रात्री तो आपली उष्णता थेट आकाशाकडे सोडत राहतो. पातळ असल्यामुळे भराभर निवतो, अगदी भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. गवतावर दव पडतं ते याच कारणाने. आभाळ भरलेलं असलं की ढग पांघरुणासारखे काम करतात आणि पत्रा तेवढा निवत नाही. म्हणून गंमत बघा, ढगाळ रात्री माळा कोरडा आणि चांदण्या रात्री ओला!

आणि एवढी वाफ माळ्यावर येते कुठून? आपणच ती वर पाठवतो. भात शिजतो, आंघोळीचं पाणी तापतं, कपडे घरात वाळतात, आपण सगळे श्वास सोडतो. शिवाय एक पाहुणा असा, की त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही: स्वयंपाकाचा गॅस. गॅस जळताना धूर दिसत नाही, पण पाणी तयार होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त! म्हणजे १४.२ किलोचं सिलिंडर संपेपर्यंत सुमारे २२ लिटर पाणी वाफ होऊन घरात मिसळलेलं असतं. मोठी बादली भरून वर उरेल एवढं!

आजीच्या लहानपणी असं का होत नव्हतं? तेव्हा चूल होती, आणि लाकूड जळतानाही वाफ होतेच. पण चुलीची गरम हवा धूर आणि वाफ घेऊन सरळ वर जायची आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडायची. माळा उबदार आणि कोरडा राहायचा, म्हणून तर बियाणं तिथं ठेवत. नळीची कौलं काय किंवा बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कारखाना काढून बनवायला घेतलेली मंगलोरी कौलं काय, दोन्ही भाजक्या मातीची. थोडी ओल ती स्वतःच शोषून घेतात आणि दिवसा उन्हात सोडून देतात. पत्रा यातलं काहीच करत नाही. (चुलीचे गोडवे गातोय असं समजू नका हं. त्या धुराने आजीच्या डोळ्यांचे आणि छातीचे काय हाल केले, ते तिलाच विचारा.)

थंड देशांतही हेच दुखणं आहे. ब्रिटनमध्ये घर ऊबदार राहावं म्हणून माळ्याच्या जमिनीवर लोकरीसारखा जाड थर अंथरतात, सुमारे २७० मिलिमीटरचा. त्यामुळे खालच्या खोल्या उबदार होतात, पण वरचा माळा आणखी गारठतो आणि तिथे जास्त पाणी धरतं. म्हणून तो थर वळचणीपर्यंत कोंबू नये, हवेची वाट मोकळी ठेवावी, असं तिथे बजावून सांगतात.

आपल्याकडेही उपाय हाच: हवेला वाट द्या. खाली वळचणीजवळ हवा आत यायला जागा हवी आणि वर आढ्याजवळ बाहेर पडायला. माळ्याच्या दोन टोकांच्या त्रिकोणी भिंतींत समोरासमोर झरोके असले तर फारच छान. उंदीर-वटवाघळांसाठी जाळी लावा, पण झरोके बुजवू नका. स्वयंपाकघरातला पंखा वाफ माळ्यावर नव्हे, घराबाहेर सोडतो ना, हेही पाहा. पत्र्याखाली थोडी जागा सोडून उष्णता अडवणारा थर घातला, तर घरातली वाफ गार पत्र्याला थेट भिडत नाही. ते काम जाणत्या माणसाचं आणि खर्चाचं आहे. जुलैत मात्र बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा झरोक्यांकडून चमत्काराची अपेक्षा नको. उघडीप मिळाली की माळ्याची दारं-खिडक्या सताड उघडायच्या.

सामान भिंतीला चिकटवून ठेवू नका. ट्रंकेखाली दोन फळ्या सरकवा. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचे तर आधी ते खडखडीत वाळलेले हवेत, नाहीतर ओल आतच कोंडते. धान्य उन्हातून आणलं की लगेच डब्यात भरायचं नाही, सावलीत निवू द्यायचं. गरम धान्य बंद डब्यात घामेजतं.

शहरातल्या मित्रांनो, तुमच्या पोटमाळ्याची भिंत ओली असेल तर छोटी तपासणी करा. भिंत पुसून तिच्यावर वीतभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवसांनी पाहा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले, तर वाफेचं काम. मागच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतूनच येतंय, मग बाबांनी प्लंबरला बोलवावं.

वर जाताना मोठं माणूस बरोबर हवंच. ओल्या माळ्यावरच्या विजेच्या तारांना हात लावायचा नाही. छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते घासायचे नाहीत, त्यांना भोकं पाडायची नाहीत. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ते फुप्फुसांना घातक असतात. बुरशी झटकायची तर ती मोठ्यांनी, घराबाहेर नेऊन, नाका-तोंडाला मास्क लावून. ज्यांना दमा आहे त्यांनी तिथे थांबू नये.

आणि भिजलेली वही सापडलीच, तर ती कडक उन्हात टाकू नका, कागद आखडतो. सावलीत पंख्याखाली पानं पसरून उभी ठेवा. एकमेकांना चिकटलेले फोटो मात्र ओढून सोडवू नका, वरचं चित्रच सोलून निघतं. ते तसेच उचलून फोटो स्टुडिओवाल्या काकांना दाखवा.