ऑपेरा हाऊसचा पडदा पुन्हा वर गेला!

घर चार महिने बंद राहिलं तर काय होतं, हे तुम्हांआम्हां बायकांना कुणी सांगायला नको. भिंतींना ओल येते, दारं फुगतात, कुबट वास जाता जात नाही. मग तब्बल तेवीस वर्षं कुलूप लागलेल्या नाट्यगृहाची काय दशा झाली असेल, कल्पना करा!

मुंबईला गिरगावाजवळ असलेलं रॉयल ऑपेरा हाऊस १९९३ साली बंद पडलं. पत्ता सांगायला नाव तेवढं उरलं. बांधकाम पुरं व्हायच्या आतच, १९११ साली, बादशहा पंचम जॉर्ज यांनी त्याचं उद्घाटन केलं होतं. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, पृथ्वीराज कपूर अशी मंडळी इथे रंगमंचावर उभी राहिली. पुढे सिनेमाचा जमाना आला. पडद्याला जागा हवी म्हणून बाजूचे शाही बॉक्स काढून टाकले गेले. १९५२ साली गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू घेतली. पण घरोघरी टीव्ही-व्हिडिओ आले आणि प्रेक्षक रोडावले.

या वास्तूला पुन्हा उभं केलं ते एका स्त्रीने, बरं का! वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी. रंगाचे थर खरवडून मूळचा रंग शोधायचा, जुने फोटो पाहून गेलेले बॉक्स पुन्हा बांधायचे, गळकं छप्पर दुरुस्त करायचं. किती चिकाटीचं काम! ऑक्टोबर २०१६ मध्ये दारं उघडली, तेव्हा गायल्या मुंबईतच जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ. २०१७ साली युनेस्कोनेही या कामाचा गौरव केला.

जरा विचार करा, मैत्रिणींनो. बालगंधर्वांच्या काळी नाटकातली नायिकासुद्धा पुरुषच व्हायचा. शंभर वर्षांनी त्याच नाट्यगृहाची दुरुस्ती केली एकीने आणि पहिला सूर लावला दुसरीने!

मात्र नुसती रंगरंगोटी करून नाट्यगृह जगत नाही. त्याला प्रेक्षक लागतात. तेव्हा कार्यक्रमांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. चर्नी रोड स्टेशनवर उतरलं की चालतच जाता येतं. मुंबईबाहेर असाल तर आपल्या गावच्या नाट्यगृहाकडे वळा. एक दिवस स्वयंपाक लवकर आटपा, नाहीतर सरळ घरच्यांवर सोपवा, आणि शेजारणीलाही बरोबर घ्या. आपण तिकीट काढलं, तरच पडदा वर जात राहील!