विश्लेषण : खासगी माहिती फुटली, तर भरपाई कोण देणार?

परवानगीविना कोणाचे खासगी छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरते, तर कधी एखाद्या कंपनीकडून हजारो ग्राहकांचे मोबाइल क्रमांक आणि बँक तपशील फुटतात. सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. मात्र या दोन प्रकारांत जबाबदारी निश्चित करण्याच्या वाटा वेगळ्या आहेत.

छायाचित्र फिरवल्यास शिक्षा काय?

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई नुसार, शरीराच्या खासगी भागाचे छायाचित्र संमतीविना टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पीडित पुरुष असला तरी हे कलम लागू होते. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ केवळ महिलांना संरक्षण देते, पण एका बाबतीत ते अधिक स्पष्ट आहे. छायाचित्र काढण्यास होकार म्हणजे ते इतरांना पाठवण्यास होकार नव्हे. ‘तिच्या संमतीनेच काढले होते’ हा नेहमीचा बचाव त्यामुळे टिकत नाही.

कंपनीकडून माहिती फुटल्यास?

खरी अडचण येथे आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ अ नुसार, संवेदनशील माहिती सांभाळण्यात हलगर्जी करणाऱ्या कंपनीकडून नुकसानग्रस्ताला भरपाई मागता येते. पाच कोटींपर्यंतचे दावे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतात. हे कलम फारसे वापरले गेले नाही, तरी दार उघडे होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हेच कलम वगळण्याची तरतूद आहे.

नव्या कायद्यात सुरक्षेची काळजी न घेणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आकडा मोठा आहे, पण हा पैसा भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जाईल. ज्याची माहिती फुटली त्याच्या वाट्याला त्यातून काहीच नाही. उलट तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरल्यास त्यालाच दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो! शिवाय माहिती संरक्षण मंडळाच्या अखत्यारीतील बाबींवर दिवाणी न्यायालयांना दावे ऐकता येणार नाहीत, असे कलम ३९ सांगते. मग बँक खाते रिकामे झालेल्या ग्राहकाने कंपनीविरुद्ध भरपाईसाठी कुठे जायचे, याचे थेट उत्तर या कायद्यात नाही.