प्रवेशपटलाची बिघडलेली सजावट : कारण व दुरुस्ती

ज्या शाळांतील संगणक लिनक्सवर चालतात, तेथील शिक्षकांस एक अनुभव पुष्कळदा येतो. संगणकात प्रवेश केल्यावर सर्व मनाजोगे दिसते. पडद्यावर अजिंक्यताऱ्याचे चित्र असते, अक्षरे सुबक मराठी असतात. परंतु त्यापूर्वी परवलीचा शब्द विचारणारे जे प्रवेशपटल, म्हणजे लॉगिनचा पडदा, येतो, तो मात्र ओकाबोका. आणि इयत्तांची नावे जेथे उमटावयाची, तेथे रिकाम्या चौकटींची रांग. मोठ्यांस ही बाब क्षुल्लक वाटेल. पण ज्याला अक्षरे नुकतीच लागू लागली आहेत, त्या पहिलीच्या मुलाने त्या चौकटींतून आपली इयत्ता कशी ओळखावी?

याचे कारण एकदा ध्यानी आले की निम्मी दुरुस्ती झालीच. प्रवेशपटल दाखविणारी आज्ञावली कोणीही आत जाण्यापूर्वी, आपल्या स्वतंत्र नावाने व अधिकाराने चालते. वाड्याच्या देवडीवर बसलेल्या पहारेकऱ्यास माजघरातील कपाटाची किल्ली नसते, तसेच हे. शिक्षकाने स्वतःच्या घरकप्प्यात, म्हणजे होम फोल्डरमध्ये, ठेवलेले चित्र, सजावट अगर फाँट तिला दिसतच नाही. उबुंटूच्या २०२१ मधील २१.०४ या आवृत्तीपासून नव्या वापरकर्त्याचा घरकप्पा इतरांस मुळातच बंद असतो. म्हणून जुन्या संगणकावर दिसणारे चित्र नव्याने मांडणी केल्यावर नाहीसे होते, आणि शिक्षक उगाच चित्राला दोष देत बसतात.

उपाय असा की, या वस्तू सर्वांच्या सामाईक जागी ठेवाव्या. ‘यूएसआर’ या फोल्डरातील ‘शेअर’मध्ये ‘बॅकग्राउंड्स’, ‘थीम्स’ व ‘फाँट्स’ असे कप्पे असतात (संगणकावर ही नावे रोमन लघु अक्षरांत लिहावयाची). व्यवस्थापकाच्या अधिकाराने वस्तू तेथे ठेवून ती वाचण्याची मुभा सर्वांना द्यावी. नंतर लाइटडीएम ही व्यवस्था असल्यास तिच्या जीटीके ग्रीटरच्या मांडणीपत्रात ‘ग्रीटर’ या शीर्षकाखाली चित्राचा पत्ता, सजावटीचे नाव व फाँटचे नाव लिहावे. ओळ त्या शीर्षकाबाहेर पडली तर ती लिहून न लिहिल्यासारखीच.

क्वचित सर्व जागच्या जागी असूनही पटल विस्कटते. मग आवृत्तीकडे पाहावे. २०१६ मध्ये जीटीके ३.२० आले, तेव्हा सजावटीच्या नियमांतील घटकांची नावे बदलली व अनेक जुन्या सजावटी मोडल्या. २०२४ मध्ये केडीईचे प्लाझ्मा ६ हे क्यूटी ६ वर आल्यावर एसडीडीएमच्या जुन्या सजावटींचीही तीच गत झाली. अशी सजावट डागडुजी करीत बसण्यापेक्षा नव्या आवृत्तीसाठी केलेली घ्यावी. ग्नोमच्या जीडीएममध्ये तर सजावट एका बांधीव गठ्ठ्यात असते. तो फोडून बदल केला तरी पुढच्या अद्ययावतीकरणात पुसला जातो. शाळेने त्या भानगडीत पडू नये. बोधचिन्ह व सूचनेची ओळ बदलण्याची रीतसर सोय तेथे आहे, तेवढी पुरे.

हात घालण्यापूर्वी मूळ मांडणीपत्राची प्रत राखून ठेवावी. पटल अजिबात उघडेनासे झाले, तर कंट्रोल, ऑल्ट व एफ ३ या कळा एकदम दाबाव्या. बहुधा अक्षरांचा साधा पडदा येतो. तेथे नाव व परवलीचा शब्द देऊन जुनी प्रत परत जागी ठेवता येते.

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्याही प्राथमिक शाळा आहेत. तेथे लोहित देवनागरीबरोबर लोहित कन्नड हा फाँटही सामाईक जागी बसवावा. एक बसविल्याने दुसऱ्या लिपीच्या चौकटी जात नाहीत. बसविल्यावर संगणक पुन्हा सुरू करून, आत न जाता, पटलावरील प्रत्येक नाव त्या त्या इयत्तेतील एखाद्या मुलाकडून वाचवून घ्यावे.