चलन एक, तिजोरी कोणाची?

भालकीहून उदगीरला जाणारा प्रवासी कर्नाटकातून महाराष्ट्रात शिरतो, तेव्हा त्याच्या खिशातील नोट बदलत नाही. बदलते ते राज्य आणि त्याबरोबर घरातील स्त्रीच्या खात्यात जमा होणारी रक्कम. भालकीत ‘गृहलक्ष्मी’ योजनेखाली कुटुंबप्रमुख महिलेला दरमहा २००० रुपये मिळतात. उदगीरमध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेत पात्र महिलेसाठी १५०० रुपये ठरवले गेले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी हे दोन्ही तालुके एकाच बीदर जिल्ह्यात होते. सोयरीक आजही दोन्हीकडे आहे, बोली तीच आहे. कल्याणकारी योजनांची सीमा मात्र नकाशावरील रेषेप्रमाणे चालते.

युरोपात हीच रचना कितीतरी मोठ्या प्रमाणावर उभी आहे. युरो हे चलन सामाईक. पण निवृत्तिवेतन, बेकारभत्ता आणि कर हे प्रत्येक देशाचे स्वतंत्र. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर या रचनेला तडे गेले. चलन एक झाल्यावर तिजोरीही एक असावी लागते का, हा प्रश्न त्या वेळी युरोपापुढे उभा राहिला. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांनी त्याचे एक उत्तर अर्धशतकाआधीच अनुभवले होते.

हाली सिक्क्याचा निरोप

निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे चलन होते. त्याला ‘उस्मानिया’ किंवा ‘हाली सिक्का’ म्हणत. संस्थानाचे सात रुपये म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचे सहा, असा साधारण विनिमय दर होता. जकात संस्थानाची, रेल्वे संस्थानाची आणि १९४१ च्या कायद्याने स्थापन झालेली हैदराबाद स्टेट बँकही संस्थानाचीच. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर हे सारे टप्प्याटप्प्याने भारतीय व्यवस्थेत आले. काही वर्षे दोन्ही रुपये बाजारात बरोबरीने चालले आणि १९५९ पर्यंत हाली सिक्का इतिहासजमा झाला. त्याच वर्षी त्या बँकेचे, तोवर ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झालेल्या संस्थेचे, भारतीय स्टेट बँकेच्या उपबँकेत रूपांतर झाले.

येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, चलनाबरोबर तिजोरीचाही विचार झाला. १ एप्रिल १९५० पासून आर्थिक एकीकरण अमलात आले. जकात, रेल्वे व आयकर केंद्राकडे गेले आणि त्यामुळे संस्थानी राज्यांच्या महसुलात पडणारी तूट केंद्राने काही वर्षे भरून देण्याचे ठरले. पुढे वित्त आयोगाच्या मार्गाने केंद्रीय करांतील वाटा राज्यांना मिळू लागला. स्वतःचे चलन गमावणाऱ्या प्रदेशाला मोठ्या तिजोरीत वाटा मिळाला.

ग्रीसला काय मिळाले नाही?

ग्रीसने २००१ मध्ये युरो स्वीकारला. स्वतःचे चलन असलेला देश संकटात त्याचे अवमूल्यन करू शकतो. त्यामुळे निर्यात स्वस्त होते आणि अर्थव्यवस्थेला श्वास घेता येतो. युरो स्वीकारलेल्या ग्रीसला तो मार्ग बंद होता. तूट भरून देणारी सामाईक तिजोरीही नव्हती. मे २०१० मध्ये ११० अब्ज युरोंचे साहाय्य ठरले, पण ते कर्ज होते आणि त्याला अटी होत्या: निवृत्तिवेतनात कपात, करवाढ, सरकारी नोकऱ्यांना कात्री. २०१३ मध्ये तेथील बेरोजगारी २७ टक्क्यांच्या पुढे गेली.

बँका आणि सरकार यांनी एकमेकांना खाली खेचले, हा त्या संकटाचा दुसरा भाग. ग्रीक बँकांकडे ग्रीक सरकारचेच रोखे होते. २०१२ मध्ये रोख्यांचे मूल्य कमी करण्यात आले, तेव्हा बँका खिळखिळ्या झाल्या. त्या सावरण्यासाठी सरकारने पुन्हा कर्ज काढले. आयर्लंडमध्ये क्रम उलटा होता. तेथे बँकांची देणी सरकारने हमीवर घेतली आणि बँका बुडताना राज्यकोषच संकटात आला. सायप्रसमध्ये २०१३ साली दोन मोठ्या बँकांच्या, एक लाख युरोंपेक्षा अधिक ठेवी असणाऱ्या ठेवीदारांना तोट्याचा भार सोसावा लागला. जून २०१५ मध्ये ग्रीसमधील एटीएमवर दिवसाला ६० युरोंची मर्यादा आली.

ठेवीदाराच्या पाठीशी कोण?

गोमंतकीय वाचकाला ही भीती परकी नाही. १९६१ मध्ये बांको नासियोनाल उल्त्रामारिनोकडे तारण असलेले गोमंतकीयांचे सोने लिस्बनला गेले आणि ते परत येण्यास तीन दशके लागली. बँकेमागची तिजोरी दुसऱ्या देशात असली की काय होते, याचे ते उदाहरण. अलीकडे, २०२० मध्ये म्हापसा अर्बन आणि २०२१ मध्ये मडगाव अर्बन सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. अशा वेळी ठेव विमा कामी येतो. १९९३ पासून एक लाख रुपयांवर थांबलेली त्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. हा विमा देशभर एकच आहे. भालकीचा, उदगीरचा आणि म्हापशाचा ठेवीदार त्यात समान आहे. युरोपात विम्याची मर्यादा सर्वत्र एक लाख युरो असली, तरी पैसे देणारा निधी प्रत्येक देशाचा वेगळा. सामाईक विम्याचा प्रस्ताव २०१५ पासून रेंगाळला.

तूर पडली तर

कलबुर्गी हा तुरीचा जिल्हा. तेथील डाळीला भौगोलिक मानांकनही आहे. २०१६-१७ च्या हंगामात पीक उदंड आले आणि बोनससह ५०५० रुपये क्विंटल हमीभावाच्या खाली बाजारभाव घसरले. अशा वेळी कलबुर्गी काही आपला रुपया स्वस्त करू शकत नाही. तिला आधार मिळतो तो बाहेरून: सरकारी खरेदी, रेशन, पीकविमा, आणि हैदराबाद, पुणे, बंगळुरू किंवा गोव्यात कामाला गेलेल्या माणसाने धाडलेला पैसा.

मोठ्या तिजोरीत वाटा मागण्याचा हक्क या भागाला घटनेतूनही मिळाला. वैजनाथ पाटील यांच्यासारख्यांनी दीर्घकाळ चळवळ केली. ९८ व्या घटनादुरुस्तीने कलम ३७१-जे आले. त्यानुसार विभागासाठी स्वतंत्र विकास मंडळ, विकासनिधीची न्याय्य वाटणी आणि शिक्षण व नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण मिळाले. विभागातील शिक्षणसंस्थांत ७० टक्के, तर राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा राखीव आहेत.

तरीही राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाच्या यादीत कलबुर्गी वारंवार तळाशी दिसते. निधी मंजूर होणे आणि शाळेत शिक्षक येणे, यांत मोठे अंतर आहे. पैसा देणाऱ्यांची कुरबुरही आहेच. पंधराव्या वित्त आयोगाने कर्नाटकाचा वाटा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आणला, तेव्हा बंगळुरूत जी नाराजी उमटली, तिचा सूर जर्मन करदात्याच्या तक्रारीसारखाच होता.

युरोपाने २०२० मध्ये, कोविडच्या संकटात, ७५० अब्ज युरोंचा पुनरुत्थान निधी सामाईक कर्जातून उभारण्याचे ठरवले. त्यातील मोठा हिस्सा अनुदान म्हणून द्यायचा होता. ग्रीसला दहा वर्षांपूर्वी जे नाकारले गेले, त्याच्या दिशेने टाकलेले ते पहिले मोठे पाऊल. सामाईक तिजोरी गरीब प्रदेशाला श्रीमंत करीलच असे नाही, हे कलबुर्गी दाखवते. पण ती नसेल तर एका वाईट हंगामाची किंमत निवृत्तिवेतनातून आणि ठेवींतून वसूल होते, हे ग्रीस आणि सायप्रसने दाखवले आहे. भालकीची स्त्री आणि उदगीरची स्त्री यांच्या खात्यांत ५०० रुपयांचा फरक असेल. मात्र दोघींच्या ठेवीमागे उभी असलेली हमी एकच आहे.