अम्मीची कंबर आणि घरखर्चाचा हिशेब

ताप आला तर घरातली बुजुर्ग मंडळी सांगतात, पण कंबर दुखली तर लपवतात. तापाचे औषध तीन दिवसांत संपते. कंबरेचा इलाज मात्र महिनाभर चालतो आणि प्रत्येक फेरीला पैसे लागतात, हे त्यांना ठाऊक असते. सजद्यातून उठताना आधार शोधणारी अम्मी 'आता खुर्चीवर नमाज पढते, त्यात काय' असे म्हणते. त्या बोलण्यामागे बहुतेक वेळा मुलाच्या खिशाची काळजी असते.

हा हिशेब एकदा मांडून पाहू. खडवलीहून फिजिओथेरपीसाठी कल्याणला जायचे म्हणजे लोकल, स्टेशनचा जिना आणि पुढे रिक्षा. एकटीला पाठवता येत नाही. सोबतचा माणूस रोजंदारीवर असेल तर त्याचा खाडा होतो. एका बैठकीचे 400 रुपये धरले आणि 12 बैठका सांगितल्या, तर 4,800 रुपये नुसत्या फीचे झाले. श्रावणबाळ योजनेचे महिना 1,500 रुपये मिळत असतील, तर तीन महिन्यांची रक्कम संपूनही 300 कमी पडतात.

मग सरकारी कार्ड कशासाठी, असे आपण विचारू. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. हे कार्ड जरूर काढावे. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामी येते. रोज जाऊन घरी परतायच्या उपचाराला, म्हणजे ओपीडीला, त्यात जागा नाही. गुडघा बदलायचा खर्च निघतो, गुडघा वाचवायचा निघत नाही.

अडचण उपचार करणाऱ्याचीही आहे. वयस्क माणसाला पलंगावर चढवण्यापासून वेळ जास्त लागतो, फी मात्र कमी घ्यावी लागते आणि गाळ्याचे भाडे काही कमी होत नाही. अमेरिकेतही हेच रडगाणे आहे. तिथे मणके हाताने सरळ करणाऱ्या कायरोप्रॅक्टरची फी वृद्धांची सरकारी मेडिकेअर योजना देते, पण फक्त त्या हाताच्या उपचाराची. त्याने केलेली तपासणी किंवा सांगितलेला एक्स-रे रुग्णाच्या खिशातून जातो.

पैसे वाचवण्यासाठी काही जण मोबाइलवर मान 'कडकड' मोडण्याचे व्हिडिओ पाहून कुणाच्याही हाती अब्बांची मान देतात. कायरोप्रॅक्टिकसाठी आपल्याकडे वेगळी वैधानिक परिषद नाही. वयात हाडे ठिसूळ होतात, आणि मानेला झटका बसून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटल्यास लकवा होऊ शकतो. असे क्वचित घडते, पण घडते. पडल्यावर दुखणे सुरू झाले, पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मालिश नको, थेट डॉक्टर.

मग करायचे काय? पहिल्याच भेटीत विचारावे: एकूण बैठका किती, खर्च किती, घरी करण्याजोगे व्यायाम कोणते? घरातल्या एकाने ते नीट शिकून घ्यावेत. रोजचा व्यायाम घरी आणि तपासणीपुरती फेरी, असे ठरले तर निम्मा भार हलका होऊ शकतो. हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलण्यात लाज कसली? कंबरपट्टा, चालण्याची काठी, कमोड खुर्ची यांसाठी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असलेल्यांना एकदा 3,000 रुपये देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी.

शेजारच्या गरीब बेवा खालाच्या इलाजाला जकात देता येते. स्वतःच्या आईवडिलांना मात्र जकात देता येत नाही, कारण त्यांचा खर्च ही आपली जबाबदारीच आहे. म्हणून भावाबहिणींनी मिळून दरमहा थोडी थोडी रक्कम अम्मी-अब्बांच्या इलाजासाठी वेगळी ठेवावी. आणि ती ठेवली आहे हे त्यांना सांगावे. पैसे बाजूला आहेत हे कळले, की त्या दुखणे लपवणार नाहीत. वेळेवर सांगितलेले दुखणे कमी खर्चात आटोक्यात येते.